दर्याचा मान कोण राखतं, खर्च कोण भरतं?

नारळी पौर्णिमा जवळ आली की शहरातल्या वर्तमानपत्रांना कोळीवाड्यांची आठवण होते. ठेवणीतली लुगडी नेसलेल्या, गळाभर दागिने घातलेल्या कोळणींचे फोटो छापून येतात. खालचा मजकूरही ठरलेला असतो: कोळी समाज निसर्गपूजक आहे, तो समुद्राला देव मानतो, शहरातल्या माणसांनी त्यांच्याकडून शिकावं. दोन दिवसांनी त्याच पानावर नव्या बंदराची किंवा सागरी रस्त्याची बातमी येते. तेव्हा त्या फोटोतल्या बायांचं काय म्हणणं आहे, हे विचारायला कुणी जात नाही.

एम.एस.डब्ल्यू. झाल्यापासून, म्हणजे गेली दहाएक वर्षं, मी रायगड आणि पालघर जिल्ह्यांतल्या किनाऱ्यावरच्या गावांत बचत गटांचं काम करते. गटांच्या बैठकांत पैशांचे हिशोब चालतात आणि त्या हिशोबांतूनच मला समुद्र थोडाफार समजत गेला. समुद्राचा मान राखायचा म्हणजे प्रत्यक्षात काय करायचं असतं? पूजा वर्षातून एकदाच होते. बाकी वर्षभर मान राखणं म्हणजे थांबणं. पावसाळ्यात होडी बाहेर न काढणं, लहान मासळी सोडणं, आज कालवं काढलेल्या खडकाला काही आठवडे हात न लावणं. आणि थांबायचं तर खर्च येतो. तो दिवस, तो महिना घर कशावर चालवायचं, हा प्रश्न उरतोच. हा खर्च मुख्यतः बायांच्या अंगावर पडतो आणि सरकारच्या, समाजाच्या किंवा पर्यावरणवाद्यांच्या कुठल्याच वहीत तो लिहिलेला नसतो. या लेखात मला एवढंच मांडायचं आहे.

थांबण्याचे दोन महिने

पावसाळ्यात समुद्र खवळलेला असतो, आणि अनेक जातींच्या मासळीचा हा विणीचाही काळ असतो. कायदा होण्याच्या कितीतरी आधीपासून या दिवसांत होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवल्या जात. पुढे १९८१ साली महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन अधिनियम झाला. त्याखालच्या जुन्या नियमात बंदी १० जूनपासून १५ ऑगस्ट किंवा नारळी पौर्णिमा यांपैकी जे आधी येईल तोपर्यंत असे. म्हणजे सरकारी कागदानेही कोळ्यांचं पंचांग मानलं होतं. नंतर पश्चिम किनाऱ्यावरच्या राज्यांचा काळ सारखा करताना ही बंदी १ जून ते ३१ जुलै, म्हणजे ६१ दिवसांची झाली. ती यांत्रिक होड्यांना लागू असते.

या ६१ दिवसांत घरात काय होतं ते पाहू. रोजची रोकड थांबते. होडीची डागडुजी, रंग, जाळ्यांची दुरुस्ती ही कामं मात्र याच दिवसांत निघतात. पुढच्या हंगामासाठी खलाशांना उचल द्यावी लागते. शाळाही नेमक्या जूनमध्ये सुरू होतात, म्हणजे वह्या-पुस्तकं, फी, छत्री, रेनकोट. आमच्या गटांत कर्जाचे अर्ज सगळ्यात जास्त याच दिवसांत येतात. जिथे गट नाही तिथे बाईच्या अंगावरचं सोनं सावकाराकडे जातं आणि गणपतीच्या आधी सुटलं तर सुटतं.

मग घर चालतं कशावर? सुक्या मासळीवर. फेब्रुवारीपासून मे अखेरपर्यंत बाया वळांडीवर बोंबील वाळत घालतात, जवळा पसरतात, मांदेली आणि वाकट्या सुकवतात. वळांडी म्हणजे बांबू आणि दोऱ्यांची मांडव. तिच्यावर बोंबील जोडीजोडीने, एकाचा जबडा दुसऱ्यात अडकवून टांगतात. ऊन किती, दव किती, मळभ कधी येणार, माल कधी उतरवायचा हे सगळं बायांच्या डोक्यात असतं. हा माल नीट बांधून, ओल लागू न देता ठेवायचा आणि पावसात आठवडी बाजारात डोक्यावर नेऊन विकायचा. पुरुष समुद्राला दोन महिने विसावा देतो, तो बाईने चार महिने आधीपासून वाळवून ठेवलेल्या मासळीच्या आधारावर.

ही मासळी म्हणजे थांबण्याचं भांडवल आहे. पण ते भांडवल म्हणून कुठेच मोजलं जात नाही. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकलं. त्यानंतर मी ज्या गावात जात होते, तिथल्या पंचनाम्यांत होड्या होत्या, जाळी होती, घरांचे पत्रे होते. बायांनी पावसाळ्यासाठी भरून ठेवलेली, भिजून कुजलेली सुकी मासळी कुठल्या रकान्यात लिहायची हेच कुणाला कळेना. तसा रकानाच नव्हता. एका मावशींनी तेव्हा विचारलं, "ताई, होडी बुडली तं नुसकान, आन् माजं चार पोती बोंबील कुजलं तं काय कचरा?"

बंदीच्या काळासाठी मदत मिळतच नाही असं नाही. केंद्राच्या २०२० सालच्या मत्स्य संपदा योजनेत बंदीच्या काळातल्या उपजीविकेसाठी तरतूद केली गेली: सरकारचे तीन हजार आणि मच्छीमाराने स्वतः भरलेले दीड हजार, असे वर्षाला साडेचार हजार. ६१ दिवसांनी भागलं तर रोजचे पाऊणशेही होत नाहीत, आणि त्यातही एक हिस्सा आपलाच. शिवाय मच्छीमार कोण, हे सोसायटीच्या सभासदत्वावरून ठरतं. मी पाहिलेल्या गावांत सभासद बहुतेक पुरुष आहेत. बाई मासळी निवडते, सुकवते, वाहते, विकते. कागदावर मात्र ती 'मच्छीमाराची पत्नी' असते. विधवा किंवा टाकलेली बाई तर तीही नसते.

जे थांबत नाहीत

थांबणाऱ्यांचा खर्च वाढतो आहे, कारण न थांबणारे वाढले आहेत. मोठे ट्रॉलर समुद्राचा तळ खरवडून काढतात, त्यात अंगठ्याएवढी पिल्लंही येतात. पर्ससीन जाळ्यांवर महाराष्ट्राने २०१६ साली निर्बंध आणले. प्रखर एलईडी दिव्यांनी मासळी गोळा करून पकडण्यावर केंद्राने २०१७ साली बंदी घातली. पण ज्याच्याकडे फक्त दोन सिलिंडरचं इंजिन आहे, त्याने रात्री समुद्रात जाऊन हे दिवे विझवायचे कसे? मासळी कमी झाली की लहान होडीवाल्याच्या बायकोच्या टोपलीत कमी येते. मग तीच बाई पहाटे दोन वाजता उठून मोठ्या बंदरावर जाते आणि बड्या बोटींची मासळी लिलावात वाढीव भावाने घेते. ज्यांनी समुद्र ओरबाडला त्यांच्याकडूनच तिला माल विकत घ्यावा लागतो.

कोळी समाज संत आहे असं मला म्हणायचं नाही. डोल जाळ्याची बारीक शेपटी लहान मासळी पकडतेच. पर्ससीनवाल्यांत आणि ट्रॉलरवाल्यांतही कोळीच आहेत. सरकारने गेल्या शतकाच्या उत्तरार्धात अनुदानं, कर्जं देऊन यांत्रिक बोटी वाढवल्या, तेव्हा ज्याला जमलं तो त्या वाटेने गेला. म्हणूनच हा प्रश्न जातीच्या स्वभावाचा नाही. कुणाला थांबणं परवडतं आणि कुणाला न थांबण्यातून नफा होतो, हा प्रश्न आहे.

ओहोटीतलं काम

समुद्राचा एक पट्टा खास बायांचा आहे. भरतीत तो पाण्याखाली असतो आणि ओहोटीत उघडा पडतो. खडकांवरची कालवं, चिखलातल्या तिसऱ्या, शिंपल्या, खुबे, तिवरांच्या मुळांतल्या चिंबोऱ्या हे सगळं बाया हातांनी आणि एखाद्या लोखंडी हत्याराने काढतात. त्याला होडी लागत नाही, डिझेल लागत नाही, भांडवल लागत नाही. म्हणून सगळ्यात गरीब बाया इथे असतात: कोळी, आगरी, आदिवासी, नवरा नसलेल्या, म्हाताऱ्या. मासळी महाग होते तेव्हा घरातल्या मुलांच्या ताटात जे पडतं, ते या पट्ट्यातून आलेलं असतं.

भरती-ओहोटी रोज सुमारे पाऊण-एक तास पुढे सरकते. त्यामुळे या बायांचा दिवस घड्याळावर चालत नाही. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाणी खूप आत जातं, तेव्हा दूरचे खडक उघडे पडतात. अष्टमीच्या सुमाराला भांग असते, तेव्हा पाणी फारसं हटत नाही आणि काम अर्धंच होतं. कुठल्या खडकावरून गेल्या खेपेला काढलं, कुठला राखून ठेवायचा, केवढं कालव सोडायचं, हे नियम कुणी लिहिलेले नाहीत. पण मोडले तर आसपासच्या बाया तोंडावर बोलतात. एकदा एका तरुण मुलीने टोपलीत बारक्या तिसऱ्या भरल्या, तेव्हा तिची आजेसासू म्हणाली, "ती पोरं हायेत गो, घरा न्हेऊन काय करशील? ठेव, दिवालीला न्हे." निसर्गाचा आदर तो हाच, आणि त्यात पुढच्या जेवणाचा हिशोब आहे. मला त्यात काही कमीपणा वाटत नाही.

कायद्याच्या नजरेत मात्र हा पट्टा म्हणजे नकाशावरच्या दोन रेषांमधली मोकळी जागा. फेब्रुवारी १९९१ मध्ये किनारा नियमन क्षेत्राची पहिली अधिसूचना आली, तिच्यात भरतीरेषेपासून ५०० मीटरपर्यंतच्या जमिनीवर निर्बंध होते आणि ग्रामीण भागात पहिले २०० मीटर बांधकामाला बंद होते. जानेवारी २०१९ च्या अधिसूचनेने दाट वस्तीच्या ग्रामीण किनाऱ्यावर हे २०० मीटर ५० वर आणले. चर्चा झाली ती बहुतेक बांधकामांची. वळांडी कुठे घालायची, होडी कुठे ओढायची, ओहोटीला खाली उतरायची वाट कुठून, हे प्रश्न त्या चर्चेत आले नाहीत.

मुंबईच्या किनारी रस्त्याच्या वेळी वरळीच्या मच्छीमारांनी पुलाच्या खांबांमधलं अंतर वाढवण्यासाठी लढा दिला. ६० मीटरचा गाळा होड्यांना धोक्याचा होता. २०२२ च्या अखेरीस तो १२० मीटर करायचं मान्य झालं. हा लढा मोलाचा होता. पण होडीला किती मीटर वाट लागते हे निदान मोजता येतं. भरावाखाली खडक पुरला जातो तेव्हा त्यावर पोट भरणाऱ्या बाईचं किती गेलं, हे मोजायचं माप अजून आपण बनवलेलं नाही. तिच्याकडे परवाना नाही, नोंदणी नाही, पावती नाही. समुद्राला सातबारा नसतो आणि ओहोटीच्या खडकाला तर नाहीच नाही.

वाढवणचं उदाहरण याहून मोठं आहे. डहाणू तालुक्यासाठी सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशावरून १९९६ साली पर्यावरण संरक्षण प्राधिकरण नेमलं गेलं. न्या. चंद्रशेखर धर्माधिकारी त्याचे अध्यक्ष होते. या प्राधिकरणाने १९९८ साली वाढवणच्या बंदराला नकार दिला. पंचवीस वर्षांनी, जुलै २०२३ मध्ये, त्याच प्राधिकरणाने नव्या प्रस्तावाला मान्यता दिली. जून २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने सुमारे ७६ हजार कोटींच्या या बंदराला मंजुरी दिली आणि ऑगस्टमध्ये पायाभरणी झाली. त्यासाठी समुद्रात १,४४८ हेक्टरचा भराव घालायचा आहे. बंदर समुद्रात होणार, त्यामुळे घरं उठणार नाहीत, हा त्याच्या बाजूने केला जाणारा एक युक्तिवाद. विस्थापन म्हणजे फक्त घर उठणं असं मानलं तर तो बिनतोड वाटतो. पण जिचं घर जागेवर आहे आणि कामाची जागाच पुरली गेली, तिला काय म्हणायचं? त्या भागातल्या मोर्चांत बाया पुढे दिसतात, त्याचं कारण या प्रश्नात आहे.

बाई म्हणजे निसर्ग नव्हे

इथे आपल्या चळवळीतला एक जुना वाद आठवतो. वंदना शिवा यांचं 'स्टेइंग अलाइव्ह' १९८८ साली आलं आणि स्त्री व निसर्ग यांचं नातं मूळचंच जवळचं आहे, ही मांडणी गाजली. १९९२ साली बीना अगरवाल यांनी त्याला उत्तर दिलं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की हे नातं बाईच्या स्वभावातून येत नाही, ते श्रमविभागणीतून आणि मालमत्तेच्या वाटपातून येतं. सरपण-पाणी बाईच्या वाट्याला येतं म्हणून जंगल तुटल्याची झळ तिला आधी लागते.

किनाऱ्यावर काम करताना मला अगरवाल यांचं म्हणणं जास्त पटतं. बाईला समुद्र कळतो कारण तिला ओहोटीत उतरावं लागतं. ती ओहोटीत उतरते कारण होडी तिच्या नावावर नाही. आणि होडीत तर तिला अनेक ठिकाणी बसूही दिलं जात नाही. विटाळ, अपशकुन, दर्याचं पावित्र्य अशी कारणं सांगितली जातात. ज्या परंपरेने समुद्राचा मान राखायला शिकवलं, तिनेच बाईला समुद्रापासून दूर ठेवलं. परंपरेचं कौतुक करताना ही बाजू आपण झाकू नये. नारळाला सोनेरी वर्ख लावून मिरवणूक काढायची आणि मासिक पाळीच्या दिवसांत बाईला होडीच्या दोरालाही हात लावू द्यायचा नाही, यातला कुठला भाग ठेवायचा नि कुठला टाकायचा, हे कोळीवाड्यातल्या बायाच ठरवतील. त्यांनी ठरवायला सुरुवातही केली आहे.

मच्छीमार चळवळीतही बायांना आपली जागा भांडून घ्यावी लागली आहे. १९८९ साली नॅशनल फिशवर्कर्स फोरमने दोन्ही किनाऱ्यांवरून कन्याकुमारीपर्यंत यात्रा काढली. 'पाणी वाचवा, जीवन वाचवा' ही तिची हाक होती आणि तिच्यात बायांची संख्या मोठी होती. १ मे रोजी कन्याकुमारीला पोलिसांनी गोळीबार केला. या चळवळीत नलिनी नायक यांच्यासारख्या कार्यकर्त्या वर्षानुवर्षं सांगत आल्या, की मासेमारी म्हणजे फक्त जाळं टाकणं नव्हे. शेवटी २०१४ साली संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने लहान मच्छीमारांसाठी मार्गदर्शक तत्त्वं स्वीकारली. त्यांत मासळी पकडण्याआधीची आणि नंतरची कामंही मासेमारीतच धरली आणि स्त्री-पुरुष समानतेवर वेगळा भाग आला. कागदावर आपण तिथवर पोचलो आहोत. गावच्या सोसायटीत अजून नाही.

खर्च वाटून घेतला तर

थांबण्याचा खर्च वाटून घेतला तर काय होतं, याची दोन उदाहरणं देते. पहिलं आपल्याच राज्यातलं. समुद्री कासव, डॉल्फिन किंवा देवमासा मोरी जाळ्यात अडकला तर त्याला सोडवायला जाळं कापावं लागतं, आणि जाळ्याला हजारो रुपये पडतात. डिसेंबर २०१८ मध्ये राज्याच्या कांदळवन कक्षाने आणि मत्स्यव्यवसाय विभागाने, असा संरक्षित जीव जाळं कापून सोडल्यास पंचवीस हजार रुपयांपर्यंत भरपाई द्यायची योजना आणली. त्यानंतर अनेक मच्छीमारांनी जाळी कापली, सुटकेचे फोटो पुराव्यासाठी काढले. त्यांच्या मनात कासवाबद्दलची श्रद्धा आधीही होती. जाळ्याचा खर्च एकट्याच्या डोक्यावरून उतरला, तेव्हा त्या श्रद्धेने वागणं परवडू लागलं.

दुसरं उदाहरण तमिळनाडूतलं. आपल्या ओहोटीतल्या बायांसारख्याच तिथे मन्नारच्या आखातात बाया समुद्रशेवाळ गोळा करतात. तिथली बेटं १९८६ पासून राष्ट्रीय उद्यानात आहेत, त्यामुळे पिढ्यानपिढ्यांचं हे काम चोरी ठरलं. बायांनी संघटना बांधली, आपल्या हक्कासाठी सरकारशी बोलणी केली आणि आपल्यालाही नियम घालून घेतले. महिन्यातले बाराच दिवस शेवाळ काढायचं, हातानेच काढायचं. त्यांच्यातल्या लक्ष्मी या कार्यकर्तीला २०१५ चा सीकॉलॉजी पुरस्कार मिळाला. मला पुरस्कारापेक्षा ते बारा दिवस महत्त्वाचे वाटतात. समुद्रावर हक्क आहे असं ज्यांना वाटतं, त्याच त्याला मर्यादा घालून घेऊ शकतात. आज नाही काढलं तर उद्या कुणीतरी भराव घालणारच असेल, तर थांबायचं कशासाठी?

आपण काय करायचं

मैत्रिणींनो, आपल्यापैकी अनेकींचे गट किनाऱ्यापासून दूर आहेत. तरीही काही गोष्टी आपल्या हातात आहेत.

किनाऱ्यावर काम करणाऱ्या गटांनी आपापल्या गावाचा ओहोटीचा नकाशा बायांकडून काढून घ्यावा. कालवांचे खडक, तिसऱ्यांचा चिखल, वळांड्या, उतरायच्या वाटा त्यात नावांनिशी याव्यात. किनारा व्यवस्थापनाचे आराखडे होतात, प्रकल्पांच्या जनसुनावण्या होतात, तेव्हा हा नकाशा हरकत म्हणून ग्रामसभेच्या ठरावासह दाखल करावा. सोसायट्यांत सुकवणाऱ्या, विकणाऱ्या आणि हाताने गोळा करणाऱ्या बायांना स्वतःच्या नावाने सभासदत्व मिळावं, ही मागणी एकेकट्या गावाने न करता तालुक्याने मिळून करावी. वादळाच्या पंचनाम्यात सुक्या मासळीचा रकाना हवा. बंदीच्या काळातली मदत कामाप्रमाणे बाईच्या खात्यात जमा व्हावी.

शहरातल्या मैत्रिणींनी आपल्या स्वयंपाकघराकडे पाहावं. सप्टेंबर २०२३ मध्ये पापलेट हा राज्यमासा जाहीर झाला. त्याच महिन्यात ५४ जातींच्या मासळीचं किमान आकारमान ठरलं. पापलेटसाठी ते १३५ मिलिमीटर आहे, म्हणजे पाऊण वीतही नाही. तेवढंही न वाढलेलं पापलेट बाजारात येतं, कारण ताटलीत अख्खं बसेल असं लहान पापलेट हॉटेलांना आणि आपल्याला हवं असतं. ते आपण मागू नये. जून-जुलैत सुकी मासळी घ्यावी, तीही दारावर किंवा बाजारात बसणाऱ्या बाईकडून, आणि घासाघीस न करता. तिच्या बोंबलाची किंमत म्हणजे समुद्राच्या विसाव्यातला आपला वाटा आहे. तो वाटा आपण भरायला लागलो, तर नारळी पौर्णिमेला कोळणींचं कौतुक करायचा आपल्याला काही अधिकार राहील.